हात बुडवून प्यायचं पाणी

कॅम्पातून कारखान्याकडे जाणाऱ्या लाल मुरुमाच्या रस्त्यावर सावली अशी एका बाभळीचीच उरली होती. बाकीची झाडं बुलडोझरनं कधीच नेली होती. त्या बाभळीला धरून बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातलेला, मांडवात ओल्या रेतीत अर्धे पुरलेले दोन रांजण, रांजणांवर लाकडी झाकणं आणि सुतळीनं बांधलेला एक पितळी गडू. पंचफुलाबाईची पाणपोई ती एवढीच.

भिलाईची पहिली भट्टी पेटली तो हा उन्हाळा. भट्टीचा उजेड थेट दुर्गातून दिसतो म्हणून लोक कौतुकानं सांगत, पण भर दुपारी त्याच लोकांच्या जिभा टाळूला चिकटलेल्या असत. बांधकामावरच्या ठेकेदाराची पाण्याची टाकी सकाळी भरून यायची ती दुपारच्या आधीच खडखडायची. मग पाट्या वाहणाऱ्या रेजा बाया आणि त्यांच्यासोबतचे कुली डोक्यावरचं ओझं उतरवून बाभळीकडे वळत.

पाणपोई म्हटली की तिथं कोणीतरी बसलेलं असतं, आणि आलेल्याच्या ओंजळीत ते वरून पाणी ओततं, ही जगाची रीत. पंचफुलाबाईच्या पाणपोईवर ओतणारं कोणी नव्हतं. ज्याला तहान लागली त्यानं झाकण काढावं, गडू बुडवावा आणि आपल्या हातानं प्यावं. पाणी देणारी बाई तिथं उभी असली तरी गडूला हात लावायची नाही.

याच्यामागे तिचं माहेर होतं. पवनीजवळच्या त्या खेड्यात तिची आई रिकामं मडकं घेऊन पाटलाच्या विहिरीपासून चार हात दूर बसायची. बसल्या बसल्या हाक घालायची, "पानी वाढा वो माय." एखादीला दया आली की ती हात उंच करून धार सोडायची. भांड्याला भांडं लागता कामा नये म्हणून धार वरूनच. आईला तहान लागली की आई ओंजळ करायची. निम्मं पाणी बोटांतून गळून कोपरावरून लुगड्यात जायचं. पंचफुला तेव्हा आईच्या मांडीला चिकटून बसलेली असायची आणि ते गळणारं पाणी चाटायची.

छप्पनच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर, शेषरावाबरोबर, पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. पुढच्याच वर्षी शेषराव भिलाईत रिगरच्या हाताखाली लागला. दोरखंड आणि कप्पीनं लोखंडी तुळया चढवायचं काम. राहायला एका खोलीचं क्वार्टर मिळालं. तीन बाळंतपणं झाली होती, पण घरात लेकरू नव्हतं. विहार अजून व्हायचा होता. ताडपत्रीच्या सावलीत दर रविवारी वंदना व्हायची. कोणी दिव्याला तेल द्यायचं, कोणी सतरंजी आणून टाकायचं. पंचफुलाबाईजवळ देण्यासारखं काय होतं? दोन हात होते, आणि क्वार्टरांच्या मागे सरकारी विहीर होती. तिथं तिला कोणी 'दूर बस' म्हणत नव्हतं. बाबासाहेबांच्या जयंतीला तिनं रांजण भरले ते तेव्हापासून. उजाडायच्या आत डोक्यावर दोन-दोन मडकी घेऊन तिच्या खेपा सुरू व्हायच्या. बिनपगारी चाकरी, असं शेषराव म्हणायचा. पण सुट्टीच्या दिवशी रेती ओली करायला तोच बसायचा.

भट्टी पेटली त्याच उन्हाळ्यात तिचा सासरा धोंडबा गावाहून आठ दिवसांसाठी म्हणून आला. दुर्गला पॅसेंजरमधून उतरला आणि विचारत विचारत थेट पाणपोईवरच पोचला. गावकीची चाकरी करून पाठीत वाकलेला म्हातारा. मांडवात शिरला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

"कोन वाढते इथं?"

"कोनी नाही, मामाजी. ज्याचं त्यानं घ्यायचं."

म्हाताऱ्यानं गडू घेतला नाही. बाहेर जाऊन हात धुऊन आला, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात रांजणात घातला. तसाच ठेवून उभा राहिला.

"थंड आहे," म्हणाला.

आठ दिवसांचा पाहुणा मग गेलाच नाही. बाभळीखाली खाट टाकून बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आपल्या हातानं घ्या बाप्पा, इथं कोनी वाढनारं नाही." सुनेपेक्षा त्याचाच धाक जास्त. सुकवारो नावाची एक रेजा होती, जवळच्याच गावची, सतनामी घरची. तिच्याही गावात पाण्याची रीत तीच. पहिल्या दिवशी ती पाटी बाहेर ठेवून आली आणि सवयीनं उकिडवी बसून तिनं ओंजळ पुढं केली. धोंडबा खाटेवरून उठला.

"खाली कावून बसली? उभी राय. हा गडू अन हा रांजन. बुडव अन पे."

"छुआ जाही, बबा," सुकवारो पुटपुटली. विटाळ होईल, असं तिचं म्हणणं.

"होऊ दे. साऱ्या जल्मात मी कितीकांचा इटाळ केला, एक तरी मेला का? पे मुकाट्यानं."

सुकवारो घाबरत घाबरत उठली. तिच्या कडेवरची पोर, इतवारीन, मात्र लगेच हसली आणि तिनं गडूआधी स्वतःची मूठच पाण्यात घातली. धोंडबाला पोर फार आवडली. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी पंचफुलाकडून गुळाचा खडा मागून ठेवायचा. पुढं पुढं कॅम्पातली सगळीच पोरं गुळासाठी येऊ लागली आणि पंचफुलाबाईच्या चहातला गूळ संपला. शेषराव बिनगुळाचा चहा पिऊन म्हणाला, "दान तू करते अन तोंड माह्यं कडू होते."

सगळेच पीत असं नाही. रेल्वेतले मुकादम कृष्णराव, त्यांची बायको राधाबाई नागपूरकडची. बाजारातून येता-जाता मांडवात टेकायची, गप्पा मारायची, पण पाण्याला नाही म्हणायची.

"घ्या ना घोटभर, राधाबाई. ऊन केवढं आहे."

"नाही वो, मी घरूनच पिऊन निघाली."

"तुमी रोजच पिऊन निघता. मुकादमाच्या बायकोनं असं रस्त्यानं बोलू नये, लोक भलतंच समजतीन."

राधाबाई पदर तोंडाला लावून हसायची. हसण्यानं विटाळ होत नसतो. पंचफुलालाही त्याचं काही वाटत नसे. न पिणाऱ्या बाईसाठी रांजण काही कमी भरायचा नाही.

वैशाख लागला आणि मजुरांच्या झोपड्यांत पटकी शिरली. आधी कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं शिळं अन्न. मग एका दिवसात एकाच झोपडीतली दोन माणसं गेली आणि रोगाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. सुई टोचणारी माणसं फिरू लागली. त्यात तेजराम होता. तुमसरकडचा, बौद्धांच्याच घरचा, वसतिगृहात राहून शिकलेला. आरोग्य खात्यात नुकता लागलेला. ताडपत्रीखालच्या वंदनेला तोच पुढं बसायचा. विहिरीत लाल दवा टाकून झाल्यावर तो पाणपोईवर आला, सायकल बाभळीला लावली आणि रांजणांकडे पाहत उभा राहिला. एक कुली आला, त्यानं गडू बुडवला, प्याला, उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि पुन्हा बुडवला.

"वहिनी," तेजराम म्हणाला, "दिवसाचे किती हात बुडते यात?"

"मोजले नाही. कावून?"

"एक हात घान असला तं पुरे आहे. हे बुडवनं बंद करा. पानी उकळा, झाकून ठेवा. कोनाले गडू देऊ नका. लांब दांडीची डोई घ्या, पळीसारखी, अन तुमी सोता वरून वाढा."

 खाटेवरून धोंडबा बोलला.

"काय म्हनला तू?"

"वरून वाढा म्हनलं, बाबा."

"तुही माय कोनाच्या विहिरीवर ओंजळ करत होती, ते घरी जाऊन विचार. मग ये मले सांगाले."

"मायनं सांगितलं आहे, बाबा. मले पाठ आहे ते. पन ते इटाळासाठी होतं. हे रोगासाठी आहे."

"धार तं तीच ना," धोंडबा म्हणाला.

 सुनेनं काय ते ठरवावं म्हणून तेजरामनं तिच्याकडे पाहिलं. पंचफुलाबाईला एका बाजूला तेजरामचं पटत होतं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. पण आठ-दहा दिवसांवर बुद्धपौर्णिमा आली होती. त्या दिवशी पाणपोईवर खीरदान करायचं तिनं कधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ताडपत्रीखालचे सगळे येणार, झोपड्यांतली पोरं येणार. ज्यांनी ज्यांनी ओंजळी सोडल्या त्यांच्यासमोर, नेमकी त्याच दिवशी, आपण हात उंच करून उभं राहायचं? तिच्या डोळ्यांपुढे जो हात आला तो तिचा नव्हता, पाटलाच्या विहिरीवरच्या बाईचा होता.

"पुनव होऊ द्या," ती म्हणाली. "मग पाहू."

"पटकी पंचांग पाहून येत नाही, वहिनी."

"तुह्याजवळची दवा दे. रांजनात टाकते."

तेजरामनं पुडी दिली, किती टाकायची ते सांगितलं आणि नाराजीनं सायकल काढली. संध्याकाळी तिनं शेषरावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ड्रमला तोटी लावून पाहू. पण तोटी मागच्या वर्षीच लावून झाली होती. मिळाला तो ड्रम डांबराचा. पाण्याला डांबराचा वास, आणि दुपारी ते चहासारखं तापायचं. लोक चूळ भरून थुंकून द्यायचे. नवा ड्रम कुठून आणायचा याचा विचार करत करत शेषराव झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुडी टाकली. पाणी जांभळट झालं. मजूर झाकण काढायचे, आत पाहायचे आणि पाय मागं घ्यायचे. सरकार पाण्यात काहीतरी कालवतं आहे, अशी बातमी झोपडीझोपडीत पोचली. त्या दिवशी दोन्ही रांजण भरलेलेच राहिले आणि बाया खड्ड्यातलं पाणी पिऊन कामावर गेल्या. पंचफुलाबाईला ते बघवेना. मग तिनं दवा कमी केली. तरी रंग दिसला. आणखी कमी केली. शेवटी रंग दिसणार नाही इतकीच चिमूट टाकू लागली. लोक पुन्हा आले. दवा टाकली हे समाधान तिला, आणि पाणी साधं आहे हे समाधान लोकांना.

पौर्णिमेला पहाटेपासून चूल पेटली होती. गवळ्यानं अर्धं दूध दान म्हणून दिलं, शेजारणींनी तांदूळ निवडून दिले. ताडपत्रीखाली वंदना झाली. ऊन असं की मेणबत्त्या पेटायच्या आधीच वाकल्या. मग सगळे बाभळीखाली आले. पळसाच्या पानांच्या द्रोणांत खीर वाढायला पंचफुलाबाई बसली, आणि झोपड्यांतली पोरं अशी तुटून पडली की रांग लावता लावता शेषरावाचा घसा बसला. पोरं खीर खायची, बोटं चाटायची आणि तीच बोटं घेऊन रांजणाकडे धावायची. धोंडबा दोन्ही झाकणं काढून मध्ये उभा होता. राजाच्या दारी द्वारपाल असावा तसा.

सुकवारो उशिरा आली. इतवारीन तिच्या खांद्यावर मान टाकून होती.

"पोरगी कावून सुकली?" पंचफुलानं विचारलं.

ऊन लागलं असेल, सुकवारो म्हणाली. सकाळपासून काही खाल्लं नाही, पण खिरीचं नाव काढल्यावर उठली. पंचफुलानं तिला आपल्या हातानं दोन घास भरवले. तिसरा पोरीनं बाहेर काढला आणि 'पानी' म्हणाली. तिला वाकवेना. धोंडबानं तिला उचलून रांजणाच्या तोंडावर धरलं. पोरीनं दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि तेवढ्यापुरती हसली. ती हसली म्हणून म्हातारा हसला, आणि उभे होते ते सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी इतवारीन गेली. दुर्गच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा सुकवारो तिला मांडीवर घेऊन झोपडीच्या दारात बसली होती आणि उठत नव्हती. त्यानंतर खीर खाऊन गेलेल्यांतली आणखी काही अंथरुणाला लागली. रोग पोरीनं आणला की पोरीला पाणपोईवर लागला, हे कोणालाच सांगता आलं नसतं. तेजरामनंही ते सांगितलं नाही. तो आला, त्यानं दोन्ही रांजण आडवे करून पाणी सोडून दिलं, चुना टाकला, आणि पंचफुलाबाईकडे न पाहता पुढच्या झोपडीकडे गेला. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग धोंडबाला उलट्या सुरू झाल्या.

सकाळी सुरू झाल्या आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत म्हाताऱ्याचं तोंड ओळखू येईना. डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी झाली. गाडी आधीच्या रोग्यांना घेऊन दुर्गला गेली होती. तेजराम म्हणाला, ती येईपर्यंत मीठ घातलेली पेज पाजत राहा, थांबू नका. पंचफुलाबाईनं वाटी भरली आणि सासऱ्याच्या हातात दिली. हातातून वाटी पडली. तिनं परत भरली, ओठांना लावली, तर त्यानं मान फिरवली. शेषराव बापाचे पाय चोळत होता.

"बा, पेऊन घे. थोडी पे."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले, पण समोरच्यांना ओळखलं नाही. त्यानं दोन्ही हात वर आणले, हनुवटीखाली जोडले आणि ओंजळ केली.

"पानी वाढा वो माय," तो म्हणाला. पंचफुलानं हा आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बारीक, अजिजीचा, आठ-नऊ वर्षांच्या पोराचा. "दुरून वाढा. मी हालत नाही."

शेषराव उठला, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला आणि बाहेर गेला.

 पंचफुलाबाई वाटी ओठाला लावायला पुढं झाली की म्हातारा मागं सरकायचा, आपण शिवू म्हणून. शेवटी तिनं हात वर केला आणि बारीक धार त्याच्या ओंजळीत सोडली. बोटांत काही राहत नव्हतं. पेज मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून गोधडीत जात होती. राहिली तेवढी त्यानं चोखून घेतली. "बरं झालं, माय," म्हणाला, आणि ओंजळ परत पुढं केली. गाडी येईपर्यंत ती ओतत होती. गाडी आली तेव्हा तेजरामनं त्याची नाडी पाहिली आणि गाडीवाल्याला झोपड्यांकडे जायला सांगितलं.

धोंडबाची माती झाली. पंचफुलाबाईनं रांजण घासले आणि पालथे घातले. मांडवाचे तट्टे सोडून आणावे असं तिनं शेषरावाला सांगितलं. तो बरं म्हणाला, पण गेला नाही.

एका सकाळी तिनं तांदूळ, गूळ आणि न नेसलेलं एक लुगडं गाठोड्यात बांधलं आणि ती सुकवारोच्या झोपडीवर गेली. सुकवारो कामावर जायला निघाली होती. पोर जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते, पण घरी बसलं तर खायचं काय. दोघी दारातच बसल्या. पंचफुलानं गाठोडं तिच्यापुढं सरकवलं आणि सांगून टाकलं. तेजरामनं आधीच बजावलं होतं. बुडवू देऊ नको, वरून वाढ, म्हणाला होता. मी ऐकलं नाही.

सुकवारोनं हातातली पाटी खाली ठेवली.

"काबर?" तिनं विचारलं. का नाही ऐकलं?

पंचफुलाबाईजवळ उत्तर होतं. माहेरची विहीर होती, आई होती, नागपूरचं पांढरं लुगडं होतं, महाडच्या तळ्याची ऐकलेली हकीकत होती. पण त्या दारात बसून त्यातला एक शब्दही तिच्या तोंडातून निघेना.

"जनमभर ऊपर ले पियेंव, दाई," सुकवारो म्हणाली. "दू महीना अउ पी लेतेंव."

जन्मभर वरूनच प्यायले, आणखी दोन महिने प्यायले असते. आवाज चढवून नाही, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली. तांदूळ-गूळ तिनं आत ठेवला. लुगडं मात्र घडी न मोडता परत केलं. पाटी उचलून निघाली, आणि चार पावलं गेल्यावर वळली. पाणपोई बंद करू नको, म्हणाली. बाया खड्ड्यातलं पाणी पिऊन राहिल्या आहेत. त्यात म्हशी बसतात.

त्याच संध्याकाळी पंचफुलाबाईनं बाजारातून लांब दांडीची डोई आणली.  दुसऱ्या दिवशीपासून पहाटे विहिरीच्या खेपा, मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळणं, ते निववणं, फडक्यातून रांजणात गाळणं. गडू सुतळीसकट घरी आला. ती मांडवात उभी राहू लागली. माणसं येत, उकिडवी बसत, ओंजळ करत, आणि ती वरून धार सोडी. कोणाला शिकवावं लागलं नाही. सगळ्यांना येतच होतं.

पहिल्या दिवशी धार नीट ओंजळीत पडेना, निम्मं पाणी लोकांच्या पायांवर गेलं. ताडपत्रीखालचे दोघे-तिघे आले, लांबूनच पाहून उभे राहिले. त्यातला टिकाराम, शेषरावाच्याच गँगमधला, म्हणाला, "वा वहिनी. हे बरं शिकल्या." तो न पिता गेला. तेजरामनंच वरून वाढायला सांगितलं, हे तिला त्याला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. तेजराम मात्र दर दोन-तीन दिवसांनी यायचा, झाकण काढून पाहायचा, आणि स्वतः उकिडवा बसून ओंजळ पुढं करायचा. तो प्यायचा तेव्हा ती दुसरीकडे पाहायची.

सुकवारोही यायची. बसायची, प्यायची, तोंड पुसून जायची. वर पाहायची नाही.

झोपड्यांत नवा रोगी सापडेनासा झाला. ज्येष्ठ निम्मा सरला होता, पण आभाळ कोरडंच होतं. अशा एका दुपारी नंदिनी गावाच्या रस्त्यानं एक अनोळखी माणूस आला. डोक्याला पागोटं, कपाळाला गंध, काखेत छत्री. कुठल्यातरी देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडत होता. मांडवापाशी थबकला, बाईच्या हातातली डोई पाहिली, बसलेल्या मजुरांच्या ओंजळी पाहिल्या. त्यांचं पिऊन होईपर्यंत तो बाजूला उभा राहिला. मग पुढं आला, वहाणा काढल्या आणि बसला. एवढं उन्हातून चालून त्याचे ओठ फुटले होते. तिनं धार सोडली. तो बैलासारखा प्याला. मध्ये श्वास घ्यायला थांबला आणि पाणी हातात तसंच धरून म्हणाला, इकडे सगळा भ्रष्टाकार माजला आहे. जो तो भांड्यात हात घालतो. रीतभात सांभाळून पाणी देणारं घर आज पहिल्यांदा पाहिलं. मोठ्या घरची दिसता, माई. देव तुमचं भलं करो.

पंचफुलाबाईनं डोई पुन्हा बुडवली आणि त्याच्या हातांवर धरली. तो पोटभर प्याला, चार थेंब डोळ्यांना लावले, आणि छत्री उघडून दुर्गच्या दिशेनं चालू लागला.

संध्याकाळी शेषराव कामावरून आला. हातपाय धुऊन पाटावर बसला तेव्हा भाकरी वाढता वाढता तिनं सांगितलं, "आज मले एकानं मोठ्या घरची समजलं. वरून वाढते म्हनून."

शेषराव हसला. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच हसला आणि घास हातात घेऊन थांबला.

"मग? सांगितलं नाही का, आपन कोन म्हनून?"

"त्याची ओंजळ भरून होती," पंचफुलाबाई म्हणाली. "सांगितलं असतं तं त्यानं सोडली असती ना. इतक्या उन्हात."